बिनशेपटीची गोष्ट

मंगळवारच्या विमानातून मिंदू उतरली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता आणि कागदावर दोन बायकांची नावं होती. आमचं विमान म्हणजे डझनभर माणसांचं डबडं, वाऱ्यात हेलकावे खात येतं. त्यातून रानात झाडांना बांधून ठेवायचे सोळा कॅमेरे उतरले, पोतंभर बॅटऱ्या उतरल्या आणि शेवटी ही एवढीशी पोरगी. खालच्या नद्यांकडच्या इबान लोकांतली, कुचिंग शहरात शिकलेली, रानमांजरं शोधणं हेच तिचं काम. उतरल्या उतरल्या तिने आगानला, म्हणजे आमच्या गावप्रमुखाला, विचारलं, "तुमच्याकडे सुपांग नावाची बाई आहे ना? आणि सिनाह रिबू? दोघींना भेटायचंय मला. दोघींनी लाल रानमांजर पाहिल्याची नोंद आहे."

आगानने आधी माझ्याकडे पाहिलं. मग जो हसत सुटला तो कुंपण धरून खालीच बसला.

"दोघी? अगं पोरी, या म्हाताऱ्याला विचार. दोघी ह्याच्याच घरात राहतात. एकाच चटईवर झोपतात!"

"हसून घे," मी म्हटलं. "चार दात उरलेत तोवर हसून घे."

पोरगी बिचारी एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. तिचा काही दोष नव्हता. बोर्निओच्या डोंगरातल्या आम्हा केलाबित लोकांत नाव जन्मभर एकच राहत नाही. पहिलं मूल झालं की आईबाप जुनं नाव टाकून नवं घेतात, पहिलं नातवंड झालं की पुन्हा. त्यासाठी सगळ्या पंचक्रोशीला जेवू घालायचं, नाव जाहीर करायचं, आणि त्यानंतर कुणी जुन्या नावाने हाक मारली तर ओसुद्धा द्यायची नाही. माझी बायको लग्न करून आली तेव्हा सुपांग होती. आमची डोरा झाली आणि ती सिनाह रिबू झाली, मी बालांग रिबू झालो. पक्षी बघायला आलेल्या एका गोऱ्याने तिची हकिगत लिहून घेतली ती सुपांगची म्हणून. पुढे दहा वर्षांनी झाडं मोजायला आलेल्या दुसऱ्याने तीच हकिगत लिहून घेतली ती सिनाह रिबूची म्हणून. झाल्या दोन बायका आणि झाली दोन मांजरं! आणि येत्या शनिवारी डोराच्या बाळाची मेजवानी होती. मिंदू आठवडाभर उशिरा आली असती तर तिला तिसरी बाईसुद्धा मिळाली असती.

आता ती हकिगत सांगतो, कारण या भानगडीचा बाप मीच आहे.

एकतीस वर्षं झाली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुपांग मिठाच्या झऱ्यावर, पाणी आटवून मीठ काढायला, सरपण घेऊन गेली होती आणि धावत परत आली, पाठीवरची टोपली कुठे पडली तेही तिला ठाऊक नव्हतं. लांबघरातले, म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या आमच्या सगळ्या कुटुंबांतले, लोक चुलीभोवती बसले होते. ती म्हणाली, "मी रानमांजर पाहिलं. लाल. विटेसारखं लाल, अंगावर एक ठिपका नाही, पट्टा नाही. शेपटी ही एवढी लांब. आणि शेपटी खालून पांढरी होती, तांदळाच्या पिठात बुडवल्यासारखी. आणि..."

त्या 'आणि'च्या पुढे मी तिला जाऊच दिलं नाही. मी त्या वेळी गावातला पहिल्या नंबरचा शिकारी. रानात काय आहे आणि काय नाही हे मी सांगायचं, कालच्या पोरीने नाही. मी म्हटलं, "अगं, तो आगानच्या आईचा लाल बोका असेल. तुझ्याच पिठाच्या परातीत बसून फिरायला गेला असेल!"

सगळं लांबघर हसलं. आगानची आई तर डोळे पुसत होती. आणि खरं सांगू? माणसं हसली की मला चेव येतो. मग दुसऱ्या दिवशी शेतावर मी तीच गोष्ट सांगितली, पुढच्या महिन्यात एका लग्नात सांगितली, मग दर मेजवानीत. बोका काय चालतो, शेपटी काय झटकतो, पीठ कसं उडतं, सगळं उठून करून दाखवायचो. अशी माझी गोष्ट डोंगरापलीकडच्या गावांत गेली आणि तिथे लोक माझ्या बायकोला पिठाच्या मांजरीवाली म्हणून ओळखायला लागले.

तर त्या मंगळवारी दुपारी मिंदू आमच्या चुलीपाशी बसली. तिने चटईवर आठ चित्रं मांडली. आमच्या रानातली पाचही मांजरं, एक उदमांजर, एक पिवळ्या गळ्याचा मार्टिन, असतो मुंगसासारखा पण दुरून मांजरासारखाच दिसतो, आणि एक साधा लाल बोका. गंमत म्हणजे आठही चित्रांत शेपटीवर कागदाची पट्टी चिकटवलेली.

"शेपटी का झाकलीस गं?" मी विचारलं.

"शेपटी बघणाऱ्याने सांगायची असते, काका. मी दाखवली तर मग ती माझी शेपटी झाली."

पोरगी हुशार होती. माझ्या बायकोने चित्रांवरून एकदा नजर फिरवली, बोक्याचं चित्र बोटाने बाजूला सारलं आणि म्हणाली, "हा आगानच्या आईचा." मग एका चित्रावर बोट ठेवलं. "ही."

"नक्की, काकू?"

"एकतीस वर्षांत डोळ्यांपुढून हललेली नाही. ही."

मिंदूचा चेहरा फुलला. ते बोर्निओचं लाल मांजरच होतं, ती म्हणाली, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं, आणि ते जिवंत पाहिलेली माणसं हातावर मोजण्याइतकी. पण लगेच तिचा चेहरा पडलाही. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, काकू. पण आमचा नियम आहे, दोन वेगवेगळ्या माणसांनी पाहिलेलं असलं पाहिजे. त्या दोन नावांच्या जोरावर तर मी हे सोळा कॅमेरे तुमच्या ओढ्यासाठी मागून आणले. आता एकच बाई आहे म्हटल्यावर तसं कळवावं लागेल. सोमवारी हे सगळं उचलून दुसऱ्या खोऱ्यात न्यायला सांगतील."

"दुसरं कुणी पुढे आलं तर?" आगानने विचारलं.

"कसं धरू, काका? पांढरी शेपटी तर इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ह्यांच्या नवऱ्याने ती सगळ्या डोंगरात पोचवलीय ना! तिच्यापेक्षा वेगळं, खरं काही सांगणारा माणूस पाहिजे."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

बायको नाही हसली. मेजवानीसाठी भाताचे गोळे पानांत बांधायचे होते, ती पानं पुसायला बसली. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "एकच वाटत होतं रे. शनिवारी सिनाह रिबू हे नाव जाणार. त्याच्याबरोबर हे हसंही जावं. नातवाने मोठं होऊन विचारलं की आजी, तुला पिठाच्या मांजरीवाली का म्हणतात, तर मी काय सांगू त्याला? जाऊ दे. नव्या नावालाही चिकटेल."

ती रडत वगैरे नव्हती. पानं पुसत होती. मी उठून कुत्र्यांपाशी जाऊन बसलो.

कारण मी ते मांजर पाहिलं होतं.

ऐकलंत ना? आता तोंड वेंगाडू नका, मला माहीत आहे मी कोण आहे ते. एकोणीस वर्षांपूर्वी, सकाळचं ऊन नुकतंच ओढ्यात उतरलेलं. मिठाच्या झऱ्याच्या वर एक झाड ओढ्यावर आडवं पडलंय, तिथे मी दम खात बसलो होतो. कुत्री खाली पाण्यात. आणि त्या खोडावरून ते आलं. लाल, विटेसारखं लाल. घाई नाही, गडबड नाही. खोडाच्या मध्यावर थांबलं, माझ्याकडे बघितलं, शेपटी वर उचलली आणि झाडीत गेलं. शेपटी खालून पांढरी होती.

मी घरी आलो. बायकोने विचारलं, "आज काय मिळालं?" मी म्हटलं, "काही नाही." बस. बारा वर्षं जिचं सगळ्या मुलखात हसं केलं, तिला आता कुठल्या तोंडाने सांगू? उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला, परवाची एकोणीस वर्षं झाली, आणि मी मूग गिळून बसलो.

बुधवारी सकाळी मी मिंदूला म्हटलं, "चल, मी नेतो तुला ओढ्यावर. पावलं मिळाली, विष्ठा मिळाली, तर चालेल ना तुला?" माझा हिशेब सरळ होता. मांजराने स्वतःच पुरावा दिला तर मला तोंड उघडायला नको.

दोन दिवस फिरलो आम्ही. तुम्हाला सांगतो, तसे दिवस मी खूप वर्षांत काढले नव्हते. पोरगी चिखलात पालथी पडून एकेक ठसा फुटपट्टीने मोजायची आणि मी वरून सांगायचो. एका खोडावर ढगाळ बिबट्याने नख्या घासलेल्या होत्या, माझ्या डोक्याच्याही वर. ओढ्याच्या वाळूत चिमुकले गोल ठसे होते.

"हे बिबटमांजर," मी म्हटलं. "हे तर आमच्या शेताच्या बांधावर उंदरांना येतं."

"कशावरून, काका? लाल मांजराचं पिल्लू असलं तर?"

"पिल्लू असतं तर आईचे ठसे कुठे गेले? एकटं बाजारला निघालं होतं का?"

ती खदाखदा हसली आणि वहीत लिहून घेतलं. मग मी एका जागी भाव खाऊन सांगितलं की हे संगमरवरी मांजराचे ठसे, आणि तिने मोजून दाखवलं की ते माझ्याच कुत्र्याचे. पन्नास वर्षं शिकार करतोय मी! चिखल ओला होता म्हणून फसलो, नाहीतर मी असा फसत नाही. पण लाल मांजराचा केससुद्धा मिळाला नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही बरोबर त्या आडव्या खोडावर बसून भात खाल्ला. मिंदू म्हणाली, "काका, तुम्ही जन्म या रानात काढलात. तुम्हाला कधीच नाही दिसलं?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच खोडावर बसून म्हटलं. आणि उरलेला भात मी कुत्र्याला घातला.

शनिवारी सकाळपासून लोक लोटले. सभागृहात पाय ठेवायला जागा नाही, अंगणात ताडपत्र्या टाकलेल्या. दोन रेडे, सात डुकरं आणि पानांत बांधलेल्या भाताचा डोंगर. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. मग डोरा आणि जावई पुढे आले, त्यांची नवी नावं जाहीर झाली. मग आमची पाळी. आगानने भोंगा हातात घेतला आणि ओरडला, "आजपासून सिनाह रिबू नाही! आजपासून रिनाय बुलान! आणि हा म्हातारा आजपासून लियान बुलान!" टाळ्या पडल्या. बायकोने नवी मण्यांची टोपी घातली होती, नातू मांडीवर. छान दिसत होती हो. लग्नातसुद्धा इतकी छान दिसली नव्हती.

तेवढ्यात मागच्या ताडपत्रीवरून कुणीतरी आरोळी दिली, "मांजरीची गोष्ट होऊ द्या! जुनं नाव जातंय, शेवटची एकदा!"

"होऊ द्या, होऊ द्या!" सगळेच ओरडले. आगानने भोंगा माझ्या हातात कोंबला. "आणि हे बघ, शेपटीसकट सांग. कित्येक वर्षं तू गोष्ट अर्ध्यात आटपतोस. पैसे वसूल होत नाहीत."

मी उभा राहिलो. समोर सहाशे माणसं आधीच दात काढून बसलेली. मिंदू दाराजवळ, सोमवारी न्यायच्या पेट्यांवर बसलेली. आणि माझी बायको मान खाली घालून बाळाचं टोपडं सारखं करत होती. ते टोपडं सारखंच होतं.

"एकतीस वर्षांपूर्वी," मी सुरू केलं, "माझी बायको झऱ्यावरून धावत आली."

लोक हसायला लागले.

"ती म्हणाली, मी लाल मांजर पाहिलं, त्याची शेपटी खालून पांढरी होती. आणि एक गाढव उठून म्हणालं की तो आगानच्या आईचा बोका."

"बरोबर!" आगान ओरडला.

"ते गाढव मी. कारण बारा वर्षांनी, त्याच झऱ्याच्या वर, आडव्या खोडावर, मी ते मांजर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही आता समोर दिसताय ना, तसं समोर पाहिलं. आणि घरी येऊन एक अक्षर बोललो नाही. मला लाज वाटली. ती खरी होती. पहिल्या दिवसापासून खरी होती, आणि तुम्ही सगळे तिला माझ्यामुळे हसलात."

भोंगा खरखरत राहिला. कुठेतरी एक कुत्रं हाडूक फोडत होतं तेवढाच आवाज.

मग मिंदू पेटीवरून उडी मारून आली, लोकांच्या पायांवर पाय देत. "काका, थांबा. एक शब्द पुढे बोलू नका. काकू, तुम्हीपण नाही." तिने ती आठ चित्रं माझ्यापुढे ठेवली. मी लाल मांजरावर बोट ठेवलं.

"हे सगळ्यांना माहीत आहे, काका," ती हळूच म्हणाली. "पांढरी शेपटीही सगळ्यांना माहीत आहे. आणखी काही पाहिलंत? कुणी कधीच न सांगितलेलं?"

मी डोळे मिटले. खोड, ऊन, वर उचललेली शेपटी. "ठिपका," मी म्हटलं. "शेपटीच्या अगदी टोकाला, वरच्या अंगाला, काळा ठिपका. चुलीच्या काजळीत बोट बुडवून लावावा तसा."

"हो!" माझी बायको इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. "होता! काळा ठिपका होता टोकाला! मी तेच सांगत होते. पांढरी शेपटी, आणि... इतकं म्हटलं आणि सगळे हसायला लागले. मग ते माझ्या तोंडातच राहिलं. पुन्हा कुणालाच सांगितलं नाही मी."

मिंदूने नख घालून चित्रावरची पट्टी उचकटली आणि चित्र वर धरलं. शेपटीच्या टोकाला काळा ठिपका.

मग जो गलका झाला तो विचारू नका. आगानची सून नाचायलाच लागली. बायका उठून माझ्या बायकोच्या गळ्यात पडल्या, त्यात त्या पलीकडच्या गावच्याही होत्या, ज्या तिला पिठाच्या मांजरीवाली म्हणायच्या. मिंदू एका डोळ्याने रडत आणि दुसऱ्याने हसत अर्ज भरायला बसली. "साक्षीदार क्रमांक दोन. नाव?"

"लियान बुलान," मी ऐटीत म्हटलं.

"कसला लियान बुलान!" आगान म्हणाला. "मांजर बालांग रिबूने पाहिलं. तो तर तासाभरापूर्वी गेला!"

मिंदूने कपाळावर हात मारला. मग फुटपट्टी घेऊन अर्जावर एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'आधीची सगळी नावं'. माझ्या बायकोची तिन्ही नावं तिने एकाच ओळीत लिहिली आणि समोर कंस काढून आकडा घातला, एक बाई. कॅमेरे आमच्याच ओढ्यावर राहिले. अजून त्यांत लाल मांजर आलेलं नाही. माझा कुत्रा मात्र रोज येतो.

संध्याकाळी पाहुणे पांगले. आम्ही दोघं ओढ्यावर पातेली घासत बसलो होतो. म्हटलं, आता ही बोलणार, एकोणीस वर्षांचं एकदम बोलणार. मीच आधी म्हटलं, "शिव्या घालायच्या तर घाल. तुला माहीतच नव्हतं, नाहीतर केव्हाच घातल्या असत्यास."

"माहीत होतं," ती म्हणाली.

माझ्या हातातली राख पाण्यात पडली.

"त्या दिवशी डुकराच्या शिकारीला गेलास आणि हात हलवत आलास, जेवताना एक शब्द बोलला नाहीस. पुढच्याच आठवड्यात एक लग्न होतं. तिथे तू गोष्ट सांगितलीस, बोका सांगितलास, माझं धावणं सांगितलंस. शेपटी सांगितली नाहीस. ज्या शेपटीवर सगळे सगळ्यात जास्त हसायचे, तीच गाळलीस. तेव्हाच कळलं मला, ह्याने पाहिलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? माझं सांगून झालं होतं. राहिलं होतं ते तुझं." तिने पातेलं पालथं घातलं. "तू कुठेही गोष्ट सुरू केलीस ना, की मी हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. तुला वाटायचं मला राग येतो. मी बघत असायचे, आज तरी शेपटी येते का."

मी काठावरून नवी राख घेतली.

"आज आली," ती म्हणाली आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात करपलेलं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "आता हे घास."